विश्लेषण : चार हजारांचे पुस्तक की पन्नास रुपयांची वर्गणी? गोष्ट खेळण्याची खरी किंमत किती?

कंधारच्या एखाद्या गल्लीत टेनिस बॉलचे क्रिकेट सुरू होण्याआधी दोन गोष्टी ठरतात. चेंडूसाठी प्रत्येकाची वर्गणी किती आणि बॅट कुणाची. ‘बॅट ज्याची, त्याची पहिली बॅटिंग’ हा नियम कुठे लिहिलेला नसतो, पण तो मोडायची कुणाची हिंमत होत नाही. जगभर गेल्या ५० वर्षांत वाढलेल्या ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ या छंदाचे अर्थकारणही याच दोन गोष्टींभोवती फिरते. एक जण महागडे पुस्तक घेतो आणि चार-पाच जण खेळतात. मोबाइलवर या खेळाचे व्हिडिओ पाहून नांदेड, लातूरकडच्या तरुणांनाही तो माहीत होऊ लागला आहे. मात्र पुस्तकाची किंमत पाहिली, की उत्साह तिथेच थांबतो. ही किंमत खरेच जास्त आहे का? हौशी लोक किती पैसे मोजतात, आणि मराठवाड्यासारख्या भागात हा छंद रुजायचा असेल तर किती मोजावेत?

हा खेळ नेमका काय आहे?

चार-पाच जण एका टेबलाभोवती किंवा सतरंजीवर बसतात. त्यातला एक जण गोष्ट चालवतो. बाकीचे प्रत्येकी एक पात्र घेतात. कुणी योद्धा, कुणी वैद्य, कुणी चोर. ‘तुमच्यापुढे खंदक आहे, पूल तुटलेला आहे, काय करणार?’ असे गोष्ट चालवणारा विचारतो. पोहून जायचे, दोर टाकायचा की पहारेकऱ्याला गप्पांत गुंतवायचे, हे खेळणारे ठरवतात. ते जमले की फसले, हे फासा टाकून ठरते. एका बैठकीला तीन-चार तास लागतात आणि गोष्ट महिनोन् महिने चालू शकते. यात हार-जीत नसते, पैसेही लागत नाहीत.

या प्रकारातला पहिला प्रकाशित खेळ म्हणजे ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन या दोघा अमेरिकनांनी तो १९७४ मध्ये बाजारात आणला. आपल्याला ही कल्पना पूर्णपणे परकी नाही. फासे आणि सोंगट्यांचा सारीपाट घराघरांत होता. संत ज्ञानेश्वरांशी परंपरेने जोडल्या गेलेल्या मोक्षपटात तर शिडी आणि साप ही पुण्य-पापाची रूपे होती; पटावर सरकणारी सोंगटी म्हणजे खेळणाऱ्याचाच जीव. दुसरीकडे सोंगी भारुडात आणि बहुरूप्याच्या फेरीत सोंग घेऊन बोलण्याची रीत होती. फासे आणि सोंग या दोन्ही गोष्टी एकत्र केल्या, की हा खेळ तयार होतो.

त्याची किंमत किती?

१९७४ मध्ये तीन छोट्या पुस्तिकांचा संच १० डॉलरला मिळत होता. पहिल्या छपाईत १,००० प्रती काढल्या होत्या आणि त्या वर्षभराच्या आत संपल्या. पुढे २००० मध्ये आलेल्या तिसऱ्या आवृत्तीचे खेळाडूंसाठीचे मुख्य पुस्तक १९.९५ डॉलरला होते. २००३ मध्ये ते २९.९५, २००८ मध्ये ३४.९५ आणि २०१४ मध्ये ४९.९५ डॉलर झाले. २०२४ च्या नव्या आवृत्तीची छापील किंमत आहे ४९.९९ डॉलर.

हे शेवटचे दोन आकडे पुन्हा पाहायला हवेत. दहा वर्षांत अमेरिकेतील महागाई सुमारे ३० टक्क्यांनी वाढली आणि पुस्तकाची किंमत चार सेंटने. १९७४ चे १० डॉलर आजच्या हिशेबात ६० डॉलरहून जास्त होतात. म्हणजे पन्नास वर्षांपूर्वी हौशी मंडळी ज्या रकमेत तीन पातळ पुस्तिका घेत होती, त्याहून कमी खऱ्या किमतीत आज ३८४ पानांचे रंगीत, जाड पुठ्ठ्याचे पुस्तक मिळते. खेळ महाग झाला, ही तक्रार तिकडेही सतत होते, पण आकडे तिला साथ देत नाहीत. पन्नास डॉलर ही रेघ ग्राहकाच्या डोक्यात इतकी पक्की बसली आहे, की या मुख्य पुस्तकासाठी प्रकाशकाने २०२४ मध्येही ती ओलांडली नाही. या दबावाचा फटका बसतो तो शब्दामागे काही सेंट मिळणाऱ्या मुक्त लेखकांना आणि चित्रकारांना.

आपल्याकडे चित्र वेगळे आहे. डॉलर ८५ रुपये धरला तरी हे पुस्तक सुमारे ४,२५० रुपयांचे होते. गोष्ट चालवणाऱ्यासाठीचे आणि राक्षस-प्राण्यांचे अशी आणखी दोन पुस्तके त्याच किमतीची आहेत. तिन्ही घेतली, तर खर्च १२,७५० रुपयांच्या घरात जातो. छापील पुस्तकांवर आपल्याकडे जीएसटी नाही, पण २०१९ च्या जुलैमधील अर्थसंकल्पाने आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लावले. वर वाहतूक खर्च. तालुक्याच्या गावातील विद्यार्थ्याला हा आकडा पुस्तकाचा वाटतच नाही, तो मोबाइलचा वाटतो.

हौशी माणूस प्रत्यक्षात किती मोजतो?

याचे उत्तर दोन टोकांना सापडते. वरच्या टोकाला लोकवर्गणीचे संकेतस्थळ ‘किकस्टार्टर’ आहे. खेळ छापण्याआधीच चाहते पैसे भरतात. ‘अवतार लेजंड्स’ या खेळासाठी २०२१ मध्ये ८१ हजारांहून अधिक जणांनी मिळून ९५ लाख डॉलर दिले. सरासरी काढली तर माणशी ११७ डॉलर. २०२४ मध्ये लेखक ब्रँडन सँडरसन यांच्या कादंबऱ्यांवरील ‘कॉस्मिअर’ खेळासाठी ५५ हजारांच्या आसपास लोकांनी दीड कोटी डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. इथे सरासरी २७० डॉलरच्या पुढे जाते. त्यात पुस्तकांबरोबर फासे, नकाशे आणि छोट्या मूर्ती असतात.

खालच्या टोकाला आहे ‘इच’ हे संकेतस्थळ. जून २०२० मध्ये तिथे वंशभेदाविरुद्धच्या कामासाठी १,७०० हून अधिक खेळांचा एक गठ्ठा किमान पाच डॉलरला ठेवला गेला. संगणकावरील खेळांबरोबर त्यात कागदावर खेळायचे बरेच खेळ होते. आठ लाखांहून अधिक लोकांनी मिळून ८१ लाख डॉलर दिले. पाच डॉलरमध्ये सगळे मिळत असताना माणशी सरासरी दहा डॉलर जमा झाले. कारण चांगले असेल आणि पैसे कुठे जाणार हे कळत असेल, तर लोक मागितल्यापेक्षा जास्त देतात, हे यातून दिसते.

या दोन टोकांच्या मध्ये एक नवा व्यवसाय उभा राहिला आहे. पैसे घेऊन गोष्ट चालवून देणाऱ्यांचा. परदेशात ऑनलाइन बैठकीसाठी प्रत्येक खेळाडूकडून साधारण १० ते २५ डॉलर घेतले जातात. पुस्तकावर पन्नास डॉलर द्यायला कुरकुरणारा माणूस चांगला गोष्ट सांगणारा मिळाला, तर तीन-चार बैठकांत तेवढेच पैसे सहज देतो. याचा अर्थ किंमत कागदाला मिळत नाही, अनुभवाला मिळते.

तासाच्या हिशेबात हा छंद स्वस्त नाही का?

या छंदाचे समर्थक नेहमी हाच हिशेब मांडतात. समजा, पाच मित्र आठवड्यातून एकदा चार तास खेळले आणि वर्षात अशा ४० बैठका झाल्या. एकूण ८०० माणशी तास झाले. ४,२५० रुपयांच्या पुस्तकाला त्यांनी भागले, तर तासाला माणशी सव्वापाच रुपये पडतात. तिन्ही पुस्तके घेतली तरी १६ रुपये. २०० रुपयांचे तिकीट काढून तीन तासांचा सिनेमा पाहिला, तर तासाला ६६ रुपये होतात.

हिशेब बरोबर आहे, पण अर्धवट आहे. बहुतेक टोळकी वर्षभर टिकत नाहीत. कुणाची परीक्षा येते, कुणी पुण्याला जातो, कुणाच्या घरी सोयाबीनची काढणी निघते. तीनच बैठका झाल्या आणि खेळ मोडला, तर ६० माणशी तास होतात आणि हाच दर तासाला ७१ रुपयांवर जातो. म्हणजे सिनेमाहून महाग. शिवाय सिनेमा आवडला नाही, तर २०० रुपये जातात. इथे पहिल्याच दिवशी चार हजार जातात आणि खेळ आवडेल की नाही, हे नंतर कळते. कमी उत्पन्नाच्या घरात माणूस तासाचा दर पाहत नाही. एका वेळी खिशातून किती जाणार आणि ते वाया गेले तर काय, हे तो पाहतो. शांपूची एक-दोन रुपयांची पुडी खेड्यापाड्यांत का खपली, याचे कारणही हेच आहे. त्यामुळे ‘तासाला पाच रुपये’ हे उत्तर कंधारच्या विद्यार्थ्याला देणे म्हणजे त्याचा प्रश्न न ऐकणे होय.

खर्च एकाच्याच खिशातून का जातो?

या छंदाची ही जुनी खोड आहे. पाच जणांत पुस्तक घेणारा एकच असतो आणि बहुतेक वेळा तोच गोष्ट चालवतो. तयारी त्याची, नकाशे त्याचे, घर त्याचे, चहाही त्याच्या घरचा. बाकीचे चार जण फासा घेऊन येतात. प्रकाशकांचे गणितही त्यामुळे बिघडते. खेळणारे पाच असले तरी गिऱ्हाईक एकच. मग त्या एकालाच आणखी पुस्तके विकायची, दरवर्षी नवी, जास्त सुंदर, जास्त महाग, असा मार्ग निघतो. विकत घेतलेली कित्येक पुस्तके कधीच खेळली जात नाहीत, फक्त वाचली जातात किंवा फळीवर शोभतात.

सावंतवाडीच्या गंजिफाचे उदाहरण इथे बोलके आहे. दशावतारी गंजिफाच्या संचात १० अवतारांचे प्रत्येकी १२ याप्रमाणे १२० गोल पत्ते असतात. हाताने रंगवलेल्या संचासाठी शौकीन हजारो रुपये देतात आणि ते योग्यही आहे, कारण त्यावर कलावंत जगतो. मात्र त्या पत्त्यांवर डाव मांडणारे फार थोडे उरले आहेत. संग्राहकाच्या पैशाने कला टिकते, पण खेळ टिकतोच असे नाही. खेळ टिकवायचा, तर तो खेळणाऱ्यांच्या ऐपतीत असावा लागतो.

आणि ज्याने पैसे घातले त्याचेच चालते, हा गल्लीतील बॅटचा नियम इथेही लागू होतो. पुस्तकवाल्याच्या मनात जी गोष्ट, तीच सगळ्यांनी खेळायची. तो रुसला की खेळ बंद. खर्च वाटून घेतला, तर हक्कही वाटला जातो. त्यामुळे ‘हौशी माणूस किती मोजेल’ हा प्रश्न मुळात चुकीचा विचारला जातो. ‘एक टोळके मिळून किती मोजेल’ असे विचारायला हवे.

फुकट मिळत असताना पैसे का द्यावेत?

या खेळाचे मूळ नियम कायदेशीररीत्या फुकट उपलब्ध आहेत, हे पुष्कळांना माहीत नसते. त्यामागे एक घडामोड आहे. जानेवारी २०२३ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ची मालक कंपनी ‘विझार्ड्स ऑफ द कोस्ट’ हिच्या नव्या परवान्याचा मसुदा फुटला. या खेळाच्या नियमांवर स्वतःची पुस्तके काढणाऱ्या, वर्षाला साडेसात लाख डॉलरहून जास्त उलाढाल असलेल्या प्रकाशकांकडून वरच्या रकमेवर २५ टक्क्यांपर्यंत स्वामित्वधन मागण्याचा त्यात विचार होता. चाहते संतापले, अनेकांनी कंपनीच्या ऑनलाइन सेवेची वर्गणी बंद केली. महिना संपायच्या आत, २७ जानेवारीला कंपनीने माघार घेतली आणि नियमांचा सुमारे ४०० पानांचा दस्तऐवज ‘क्रिएटिव्ह कॉमन्स’ परवान्याखाली खुला केला. एप्रिल २०२५ मध्ये नव्या आवृत्तीचे नियमही तसेच खुले झाले.

या परवान्यात श्रेय दिले की कुणालाही मजकूर वापरता येतो, बदलता येतो, भाषांतर करता येते आणि विकताही येतो. खेळाचे नाव, बोधचिन्ह आणि त्या दस्तऐवजात नसलेली पात्रे मात्र वापरता येत नाहीत. २०२३ मध्ये कंपनीने हा दस्तऐवज फ्रेंच, जर्मन, इटालियन आणि स्पॅनिश भाषांत दिला. त्यात एकही भारतीय भाषा नव्हती. मराठीत तो आणायला आज कुणाची परवानगी लागत नाही.

‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण अशा वेळी आठवतेच. पण फुकट दोन प्रकारचे असते. मालकाने स्वतःहून खुले केलेले घेणे हा हक्क आहे. मोबाइलवरील एखाद्या ग्रुपमध्ये फिरणारी चोरीची पीडीएफ उतरवणे हे वेगळे. मोठ्या कंपनीचे त्याने फारसे बिघडत नसेल, पण एकट्याने ३० पानांचा खेळ लिहून तीन डॉलरला विकणाऱ्या माणसाचे बिघडते. असे छोटे लेखक तर ‘जमेल तेवढे द्या’ म्हणतात, कित्येक जण ऐपत नसलेल्यांसाठी काही प्रती मोफत राखून ठेवतात. मागून मिळत असेल, तर चोरायचे कारण उरत नाही.

‘जमेल तेवढे द्या’ हे मराठवाड्याला शिकवावे लागत नाही. दारात पोलिसाचे सोंग घेऊन येणारा बहुरूपी आधी घरच्यांना दरडावतो, मग हसवतो आणि शेवटी हात पुढे करतो. त्याचा दर ठरलेला नसतो. कुणी दहा रुपये देतो, कुणी पायलीभर ज्वारी. कंधारशेजारच्या लोहा तालुक्यातील माळेगावच्या खंडोबा यात्रेत तमाशाच्या तंबूला तिकीट असते आणि लोक ते काढतात. सोंगाला, गोष्टीला, हसवण्याला पैसे द्यायची सवय इथे आहे. माणूस समोर असतो तेव्हा ती दिसते, फाइलच्या मागे माणूस आहे हे विसरले की ती सुटते.

अडचण पैशाची की आणखी कशाची?

खेळावर खर्च करायला इकडच्या तरुणांकडे पैसे नाहीत, हे सरसकट खरे नाही. रमी आणि तत्सम ऑनलाइन खेळांनी गेली काही वर्षे गावोगावच्या खिशांतून दहा, पन्नास, शंभर रुपये असे करत किती पैसा ओढला, हे कर्जबाजारी झालेल्या घरांना विचारावे. १ ऑक्टोबर २०२३ पासून या खेळांत भरलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी लागला, तरी ओघ थांबला नाही. अखेर ऑगस्ट २०२५ मध्ये केंद्राने कायदा करून पैशांच्या ऑनलाइन खेळांवर बंदी घातली. पुढे २२ सप्टेंबर २०२५ पासून कॅरम, बुद्धिबळ, लुडो यांसारख्या बैठ्या खेळांवरील जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला. एका प्रकारच्या खेळाला सरकारने दार बंद केले आणि दुसऱ्याला थोडे उघडले, असे म्हणता येईल. पण रिकाम्या झालेल्या संध्याकाळी काय करायचे, हे कायदा सांगत नाही.

पैशाआधीच्या अडचणी तीन आहेत. पहिली भाषेची. ३८४ पाने इंग्रजी नियम वाचून मित्रांना मराठीत समजावणे हे कष्टाचे काम आहे. त्यातही ज्या जंगलांची, किल्ल्यांची, देवतांची वर्णने असतात ती युरोपच्या लोककथांतली. अलीकडे थोडा बदल दिसतो. २०२२ मध्ये आलेल्या एका अधिकृत पुस्तकात भारतीय लेखिका मिमी मोंडल यांनी बंगालच्या मातीतली वाटावी अशी गोष्ट लिहिली. पण तीही इंग्रजीत आणि डॉलरमध्येच.

दुसरी अडचण वेळेची. अकरावी-बारावीची मुले लातूर आणि नांदेडच्या शिकवण्यांत सकाळपासून रात्रीपर्यंत अडकलेली असतात. चार तास ‘खेळात घालवले’ हे घरी सांगायची सोय नसते. तिसरी अडचण जागेची. पाच जणांना चार तास बसता येईल, कुणी हटकणार नाही आणि मुलींनाही निर्धास्तपणे येता येईल, अशी जागा तालुक्याच्या गावात सहज सापडत नाही. या तिन्ही अडचणी तशाच राहिल्या, तर पुस्तक फुकट वाटले तरी खेळ रुजणार नाही.

मराठीत असा खेळ निघाला तर किंमत किती असावी?

शक्य तितकी कमी, हे पटकन सुचणारे उत्तर आहे आणि ते चुकीचे आहे. एक साधा हिशेब मांडू. समजा, ४८ पानांची पुस्तिका काढली, ५०० प्रती छापल्या, प्रतीमागे छपाईला ४० रुपये लागले आणि विक्रेत्याने ३० टक्के घेतले. किंमत १२० रुपये ठेवली आणि सगळ्या प्रती खपल्या, तर एकूण ६० हजार येतात. छपाईचे २० हजार आणि विक्रेत्याचे १८ हजार वजा जाता २२ हजार उरतात. लेखक, चित्रकार आणि मांडणी करणारा अशा तिघांत ते वाटले, तर प्रत्येकाला सात हजारांच्या आसपास मिळतात. तेही काही महिन्यांच्या कामाचे. दुसरा भाग कुणी काढणार नाही.

तीच पुस्तिका २५० रुपयांना विकली, तर सव्वा लाख येतात. छपाई आणि विक्रेत्याचा वाटा जाऊन ६७,५०० रुपये उरतात, म्हणजे तिघांना प्रत्येकी साडेबावीस हजार. श्रीमंती नाही, पण पुढचा भाग काढायची उमेद राहते. आता ग्राहकाच्या बाजूने पाहू. २५० रुपये एकट्याला जड वाटले, तरी पाच जणांत ते ५० रुपये होतात. एकाने मागायचे, चौघांनी यूपीआयवर पाठवायचे. गणपतीला, भंडाऱ्याला, टेनिस बॉलला आपण हेच करतो. दरवर्षी दिवाळी अंकासाठी मराठी वाचक एवढीच रक्कम मोजतो आणि कित्येक जण ग्रंथालयाची दिवाळी अंक योजना घेऊन एका वर्गणीत सगळे अंक वाचतात.

म्हणून टोळक्यामागे अडीचशे आणि माणशी पन्नास ही वाजवी किंमत म्हणावी लागेल. त्याहून खाली गेले, तर करणारा उपाशी राहतो. त्याहून फार वर गेले, तर खेळणारा दुरावतो. फासे लुडोच्या डब्यातले चालतात, नकाशाला वहीचे चौकटीचे पान चालते. मूर्ती, रंगीत पडदे, खास फासे ही हौस ज्याची त्याने करावी. ती अट असू नये.

गोष्टींचे साहित्य कुठून आणायचे?

ते तर गावातच पडून आहे. राष्ट्रकूटांच्या काळापासून नांदत असलेला कंधारचा भुईकोट, त्याभोवतीचा खंदक, जगत्तुंग समुद्र नावाचा तलाव, मानसपुरीतील क्षेत्रपालाच्या महाकाय मूर्तीचे भग्न अवशेष. राष्ट्रकूट, काकतीय, यादव, बहमनी, निजामशाही, मुघल, आसफजाही अशा सत्ता या किल्ल्याने पाहिल्या. ‘एवढी मोठी मूर्ती कुणी घडवली, ती कशी मोडली आणि तिचे उरलेले तुकडे कुठे आहेत?’ एवढ्या एका प्रश्नावर पाच जणांना महिनाभर खेळवता येईल. लातूर जिल्ह्यात औसा आणि उदगीरचे किल्ले आहेत, खरोशाची लेणी आहेत. इतिहास विषय म्हणून ज्यांना कंटाळा येतो, ती मुले आपल्या पात्राला खंदक ओलांडता यावा म्हणून किल्ल्याचा नकाशा पाहायला लागतील.

मात्र इथे एक पथ्य पाळावे लागेल. खेळातली गोष्ट कल्पित आहे, हे पुस्तिकेत ठळकपणे सांगायला हवे. शिलालेखात काय आहे आणि लेखकाने काय रचले, यांतली रेघ पुसली गेली, तर करमणुकीतून खोटा इतिहास पसरायला वेळ लागत नाही.

ग्रंथालये काय करू शकतात?

महाराष्ट्रात १९६७ चा सार्वजनिक ग्रंथालय कायदा आहे. त्याखाली अ, ब, क, ड अशा वर्गांत अनुदान मिळणारी ग्रंथालये गावोगाव आहेत. अनेकांच्या वाचनकक्षात आता मुख्यतः स्पर्धा परीक्षेची मुले दिसतात. या खेळाचे पुस्तक हे कायद्याने आणि कराच्या दृष्टीनेही पुस्तकच आहे. ते खरेदी करायला वेगळा नियम लागत नाही. एका ग्रंथालयाने एक प्रत घेतली आणि रविवारी दुपारी चार तास एक खोली दिली, तर पैसा आणि जागा हे दोन्ही प्रश्न बऱ्याच अंशी सुटतात. मुली येऊ शकतात, पालकांना पत्ता सांगता येतो, आणि पुस्तक कुणा एकाचे नसल्याने ‘बॅट ज्याची’ हा नियमही गळून पडतो.

‘ग्रंथालयात गोंगाट होईल’ हा आक्षेप येईल. तो खराही आहे. म्हणून अभ्यासिका बंद असताना किंवा वेगळ्या खोलीत हे करावे लागेल. ‘यातून मुलांना काय मिळणार?’ हाही प्रश्न विचारला जाईल. त्यासाठी मोठे दावे करायची गरज नाही. मुले चार तास मोबाइल बाजूला ठेवून एकमेकांशी मराठीत बोलतात, दुसऱ्याचे ऐकतात, बेरीज-वजाबाकी करतात आणि फासा उलटा पडला तरी गोष्ट पुढे नेतात. ५० रुपयांत एवढे मिळाले तरी पुष्कळ झाले.

मग शेवटी उत्तर काय?

चार हजारांचे इंग्रजी पुस्तक अमेरिकेतील हौशी माणसाला महाग नाही. कंधारच्या विद्यार्थ्याला ते महाग आहे, पण त्याला त्याची गरजही नाही. नियम कायदेशीररीत्या खुले आहेत, किल्ला समोर आहे, वर्गणीची सवय जुनी आहे. कमी आहे ती ४०-५० पानांच्या, नीट लिहिलेल्या, नीट तपासलेल्या मराठी पुस्तिकेची, आणि ती लिहिणाऱ्याला त्याच्या कामाचे पैसे मिळतील या खात्रीची. पुस्तिका लिहिण्याचे काम लेखकाला करावे लागेल. पैशांची खात्री मात्र खेळणारेच देऊ शकतात. पुढच्या वेळी कुणी मित्राने अशा खेळाची पीडीएफ ग्रुपवर टाकली, तर ती उतरवण्याआधी पाच जणांनी ५०-५० रुपये काढता येतात का, एवढे पाहावे. चेंडूसाठी आपण ते रोज काढतो.